समुद्राकाठचा मोठा बंगला तिघांत घ्यावा का?

पत्राचा गोषवारा: आम्ही तिघं भावंडं. दादा थोरला, मी मधली, एक धाकटी बहीण. समुद्राच्या पुळणीपासून दीडशे मीटरवर सहा बेडरूमचा एक दुमजली बंगला फर्निचरसकट विकायला आहे. बांधून ११ वर्षं झाली, पण नुकताच रंग दिल्यामुळे नवाच वाटतो. गच्चीवरून समुद्र दिसतो, अंगणात पोहण्याचा तलाव आहे. दादा म्हणतो, वर्षातून महिनाभर आपण राहू, एरवी भाड्याने देऊ. घर आपला खर्च आपणच काढेल. धाकटीचा होकार आहे. आई ७८ वर्षांची आहे आणि सगळी नातवंडं एका छपराखाली बघायची तिची फार इच्छा आहे. माझ्या वाट्याला निवृत्तीची बरीचशी रक्कम घालावी लागेल. आम्ही तिघंही तिथून पाच तासांपेक्षा लांब राहतो. घर मलाही आवडलंय, पण धीर होत नाही. नाही म्हटलं तर आईच्या इच्छेआड मीच आले असं होईल. काय करू?

उत्तर:

तुम्ही बेडरूम मोजल्या आहेत, समुद्राचं अंतर मोजलं आहे. आता दिवस मोजा. तुम्ही सगळे मिळून ३० दिवस राहणार. पाहुण्यांचे, चांगला जम बसला तर, ९० दिवस धरू. म्हणजे ३६५ पैकी २४५ दिवस घर बंद. समुद्राकाठच्या घराचं भवितव्य या बंद दिवसांत ठरतं, आणि तिघांच्या बोलण्यात नेमके तेच आलेले दिसत नाहीत. तुमचा धीर होत नाही तो बहुधा त्यामुळेच. त्याला भित्रेपणा समजू नका.

खाऱ्या वाऱ्याचं काम कसं चालतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं कळेल. लाटा फुटतात तेव्हा मिठाचे बारीक कण हवेत उडतात आणि वाऱ्याबरोबर आत येतात. पहिल्या काहीशे मीटरमध्ये त्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं, म्हणजे तुमचा बंगला ऐन माऱ्यात आहे. हे मीठ नुसतं बसून राहत नाही, ते हवेतली ओल ओढतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की पाणी धरतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते तर ३३ टक्क्यांपासूनच ओलसर होतात. पाऊस नसला तरी लोखंडावर खारट ओलीचा पातळ थर राहतो तो यामुळे. म्हणून सगळ्यात जास्त गंज उघड्यावरच्या वस्तूंना चढत नाही, तिथलं मीठ निदान पावसाने धुतलं जातं. गंज चढतो तो छज्जाखाली, बाल्कनीच्या पोटाला, जिन्याखाली, पंपाच्या खोलीत, जिथे मीठ पोचतं पण पाऊस पोचत नाही.

घर बघायला पुन्हा जाल तेव्हा नेमक्या याच जागा बघा. नव्या रंगाने चटकन हुरळून जाऊ नका. सळईतलं जेवढं लोखंड गंजतं, त्याचा गंज मूळच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो आणि आतून काँक्रीट फुटतं. आधी सळईच्या रेषेत केसासारखी चीर दिसते, मग तपकिरी डाग, मग पोपडा. रंगामुळे यातलं पहिलं आणि दुसरं झाकतं. पण छोट्या हातोडीने हलकेच ठोकून पाहिलं तर आतून सुटलेल्या भागाचा आवाज पोकळ येतो, तो कुठल्याही रंगाने लपत नाही. बाल्कन्यांची पोटं, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखालचा स्लॅब, बाथरूमखालची छतं आणि समुद्राकडच्या खांबांचे तळाचे दोन फूट एवढं तरी ठोकून बघाच.

त्यानंतर स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमा. तो तुम्ही निवडलेला असावा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. त्याला फक्त ‘बघून सांगा’ म्हणू नका, चार चाचण्या नाव घेऊन मागा. सळईवर काँक्रीटचं आवरण किती आहे ते कव्हर मीटरने (समुद्राजवळ ४५ ते ५० मिलिमीटर हवं, घरगुती बांधकामात अनेकदा २० ते २५च निघतं), काँक्रीटच्या आत मीठ किती खोल शिरलंय त्याची क्लोराइड चाचणी, फिनॉल्फ्थॅलीनची कार्बोनेशन चाचणी (ताज्या फोडलेल्या जागी रंग गुलाबी आला तर बरं, रंग आला नाही तर तिथलं संरक्षण गेलं), आणि हाफ सेल, म्हणजे सळईचा विद्युतदाब मोजण्याची चाचणी. या शेवटच्या चाचणीत कॉपर-सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टच्या खालचे आकडे आले तर सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर मानतात. इसार द्यायचाच असेल तर ‘अहवाल समाधानकारक आला तर’ अशी अट लेखी घालून द्या.

क्लोराइडचा आकडा वाईट आला आणि मालक म्हणाला, ‘तेवढा भाग दुरुस्त करून देतो’, तर थांबा. मीठ मुरलेल्या काँक्रीटमध्ये एक तुकडा फोडून नवा भरला की त्या तुकड्याच्या कडेची जुनी सळई आधीपेक्षा जोरात गंजायला लागते. दोन-तीन वर्षांनी डागडुजीच्या चहूबाजूंनी नवे पोपडे सुटतात. ठिगळाचं काम वाईट झालं म्हणून असं होत नाही, आजूबाजूच्या काँक्रीटमधलं मीठ तसंच राहिल्यामुळे होतं. असा बंगला कितीही देखणा असला तरी तुमच्या तिघांच्या ऐपतीबाहेरचा समजा, कारण त्याची खरी किंमत मालक सांगतो त्यापेक्षा खूप पुढे आहे.

सांगाडा ठीक निघाला तर बाकीच्या गोष्टी सुधारता येतात, फक्त त्यांचा खर्च आधी मांडायचा. कठडे, बिजागऱ्या, स्क्रू कुठल्या स्टीलचे आहेत ते विचारा. ३०४ जातीचं स्टील समुद्राकाठी काही महिन्यांतच चहाच्या डागांसारखं तपकिरी पडतं. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते टिकतं. पण तेही गोड्या पाण्याने धुवावंच लागतं. ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना साधे लोखंडी स्क्रू असतील तर स्क्रूंच्या भोकांभोवती चौकट झिजलेली दिसेल. एसीच्या बाहेरच्या युनिटवर हात फिरवा. पात्या भुसभुशीत होऊन चुरा पडत असेल तर युनिट गेलं म्हणून धरा. नवी घेताना पात्यांवर संरक्षक लेप असलेली घ्या, वाऱ्याच्या आडोशाला बसवा आणि महिन्यातून एकदा गोड्या पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने धुवायला लावा. सहा बेडरूम म्हणजे हॉल धरून सात-आठ युनिटं. ती साधारण एकाच वयाची असल्यामुळे एकदमच बदलायला येतात, ही मोठ्या घराची खास अडचण.

आता पाणी. इथे मोठे बंगले सर्रास फसतात. १६ माणसं माणशी १५० लिटर वापरली तर २,४०० लिटर झाले. त्यावर चादरी-टॉवेल धुणं, बाग, आणि तलावातून उडून जाणारं पाणी. १० बाय ५ मीटरच्या तलावातून उन्हात दिवसाला पाचेक मिलिमीटर पाणी उडतं, म्हणजे २५० लिटर. सगळं धरून दिवसाला ४,००० लिटर सहज लागतील. विहीर किंवा बोअर असेल तर लक्षात घ्या, किनाऱ्याजवळ जमिनीखालचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं मिळतं. याची दुसरी बाजू अशी की उपसा करून वरची पातळी एक मीटरने उतरली, तर कालांतराने खालचं खारं पाणी ४० मीटर वर सरकू शकतं. पाहुण्यांच्या गर्दीत पंप रात्रंदिवस चालला की बोअर मचूळ होतो, आणि एकदा मचूळ झालेला बोअर लवकर पूर्ववत होत नाही. म्हणून पाण्याचा नमुना कोरड्या दिवसांच्या शेवटी घ्यायचा, तोही पंप सलग चार-पाच तास चालवून झाल्यावर. क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर चवीला कळायला लागतं, गीझरची कॉइल आणि नळही लवकर खराब होतात.

सांडपाण्याचं याच्या उलट. शोषखड्ड्याला खाली कोरडी माती लागते, आणि किनाऱ्याला भूजल वर असतं. उधाणाच्या वेळी किंवा मोठ्या पावसात ते आणखी वर येतं आणि तळमजल्याचे संडास तुंबायला लागतात. सेप्टिक टाकी साधारण बेडरूममागे दोन माणसं धरून बांधतात, म्हणजे इथे १२. तिथे समारंभाचे ३० पाहुणे चार दिवस राहिले की मैला खाली बसायच्या आत पुढे ढकलला जातो आणि शोषखड्डा कायमचा बुजतो. टाकीचं झाकण उघडायला लावा, शेवटचा उपसा कधी केला ते विचारा, आणि टाकी-खड्डा विहिरीपासून किती लांब आहे ते पावलांनी का होईना मोजा. तलावाच्या फिल्टरचं धुणं या टाकीत सोडलेलं आढळलं तर ते आधी बंद करायला हवं, कारण क्लोरीन टाकीतले उपयोगी जिवाणू मारतं.

तलावाबद्दल एकच महत्त्वाचं सांगते, कारण ही चूक फार महाग पडते. ‘आपण नसतो तेव्हा तलाव रिकामा ठेवू, खर्च वाचेल’ असं कुणीतरी नक्की म्हणेल. किनाऱ्याला भूजल वर असताना तलाव रिकामा केला की खालचं पाणी त्याला होडीसारखं उचलतं. तळ फुटतो, कधी सगळा तलावच वर येतो. तळाशी दाब सोडणारा व्हॉल्व्ह असला तरी तो चालू स्थितीत आहे याची खात्री कोण देणार? म्हणजे तलाव वर्षभर भरलेला राहणार, पंप रोज फिरणार, पीएच ७.२ ते ७.८ आणि मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम ठेवायला आठवड्यातून किमान दोनदा माणूस लागणार, घरात कुणी असो वा नसो. शिवाय नातवंडं लहान असतील तर चारी बाजूंनी किमान १.२ मीटर उंचीचं, मुलांना चढता येणार नाही असं कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक लागेल. हे पहिल्याच महिन्यात व्हायला हवं. विजेच्या जोडणीला ३० मिलिॲम्पिअरचा गळती-संरक्षक (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे ना ते बघा, आणि त्याचं चाचणीचं बटण वायरमनकडून दाबून घ्या.

या सगळ्याला कोण बघणार, हा माझ्या मते तुमच्या पत्राचा गाभा आहे. पाच तासांवरून फोन करून घर चालवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. नुसता राखणदार पुरत नाही, कामाची यादी समजून करणारा माणूस लागतो. दर आठवड्याला सगळे नळ आणि शॉवर काही मिनिटं सोडणं (साचलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेलासारखे जिवाणू वाढतात आणि जाळ्यांखालचं पाणी आटलं की गटाराचा वास व झुरळं आत येतात), कपाटांची दारं उघडी ठेवणं, आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहावी म्हणून एसी किंवा आर्द्रता शोषणारं यंत्र फिरवणं, बंद फ्रीजचं दार फटीएवढं उघडं ठेवणं, काचा-कठडे धुणं, गच्चीची भोकं साफ करणं. गादीला बुरशी यायला दमट हवेत दोन-तीन आठवडे बंद खोली पुरते. अशा माणसाचा पगार, राहायची सोय आणि सुटीच्या दिवशी बदली माणूस हे धरूनच हिशेब मांडा. घर विकणाऱ्याकडे आजवर हे कोण करत होतं आणि तो माणूस पुढे राहील का, हा प्रश्न किंमतीच्या घासाघिशीआधी विचारा.

दादांच्या हिशेबाकडे येऊ. घर आपला खर्च काढेल हे त्यांचं म्हणणं मनापासूनचं आहे, पण त्यात एक गाठ आहे. मुलांच्या सुट्ट्या, जोडून आलेले सण, वर्षअखेर हेच तुमचे ३० दिवस, आणि भाडं मिळतं तेही याच दिवसांत. तुम्ही गेलात तर वर्षातली सगळ्यात चांगली कमाई गेली. भाड्याने दिलंत तर मंडळी जमणार कधी? दादांना सांगा, तुमचे ३० दिवस आधी कॅलेंडरवर खोडा आणि उरलेल्या दिवसांच्या भाड्याचा हिशेब करून दाखवा. त्यातून मध्यस्थाचा हिस्सा, कर, धुलाई, वीज, मोडतोड वजा करा. देखभालीसाठी घर आज नव्याने बांधायला जेवढा खर्च येईल त्याच्या निदान दोन ते तीन टक्के दरवर्षी बाजूला काढा. आतल्या भागातल्या घराला एक टक्का धरतात, तो इथे पुरणार नाही. विमाही वेगळा विचारा. अनेक पॉलिसींत घर ३० किंवा ६० दिवस सलग रिकामं राहिलं की संरक्षण आक्रसतं, भाड्याने दिलं की घरगुती पॉलिसी चालत नाही, आणि उधाणाचं पाणी शिरलं तर ते पुरात धरायचं की वादळात यावरून दावे अडतात. उत्तर लेखी घ्या.

कागद तपासताना मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष घर शेजारी ठेवून बघा. किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बहुतेक ठिकाणी वेगळे निर्बंध असतात, आणि परवानगीबाहेर असतं ते नेमकं तलाव, समुद्राकडची भिंत, वाढवलेली गच्ची. पर्यटकांना भाड्याने द्यायला स्वतंत्र परवाना लागतो का तेही बघा. किनारा खचतोय का ते उपग्रहाच्या जुन्या चित्रांत दिसतं. १९७२ पासूनची लँडसॅटची चित्रं मोफत बघता येतात, मात्र जुनी चित्रं ढोबळ असतात, तेव्हा अलीकडच्या वीसेक वर्षांची स्पष्ट चित्रंही ताडून बघा. आणि अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत, वारा समुद्राकडून असताना, भरतीच्या वेळी पुळणीवर जाऊन उभ्या राहा. शेजारच्यांनी दगडी भिंत घातली असेल तर तिच्यासमोरची वाळू खाली गेलीय का बघा. भिंतीवरून परतणारी लाट पुळण ओढून नेते, आणि भिंतीच्या टोकाशी असलेल्या शेजाऱ्याची जमीन आधी खचते. तो शेजारी तुम्ही असाल का?

सामायिक मालकीबद्दल आपल्याकडे जुनी म्हण आहे, भागीचं घोडं किवणानं मेलं. तुमचं एकमेकांवर प्रेम आहे म्हणूनच सगळं लेखी हवं. दरमहा तिघांनी सारखी रक्कम वेगळ्या खात्यात भरायची. ठराविक रकमेपर्यंतचा खर्च एकाने ठरवायचा, वरच्याला दोघांची संमती. सुट्टीचे आठवडे निवडायचा पहिला मान दरवर्षी फिरता. कुणाला बाहेर पडायचं झालं तर दोन स्वतंत्र मूल्यांकनांची सरासरी, उरलेल्या दोघांना घ्यायला ९० दिवस, पैसे दोन वर्षांत. आणि तिघांपैकी कुणाच्या पश्चात त्याचा वाटा वारसांकडे जाईल, तेव्हा निर्णय तिघांचा राहणार नाही, सात-आठ जणांचा होईल. त्याची सोय आजच लिहा, पुढे लिहिताना मनं दुखावतील.

तुमच्यासाठी यातलं सगळ्यात मोठं कलम वेगळं आहे. पाच-सात वर्षांनी एसी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि तलावाच्या फरशा एकदम निघतील. तेव्हा दादांचा वाटा चालू मिळकतीतून येत असेल तर तो त्यांना जमेल, तुमचा मात्र साठवणीतून जाईल. असा मोठा बंगला मनात आलं म्हणून विकलाही जात नाही, गिऱ्हाईक मोजकं असतं. म्हणून निवृत्तीनंतरच्या निदान दहा वर्षांचा घरखर्च आणि आजारपणाची तरतूद काढून ठेवून जे उरेल, तेवढ्यातूनच तुमचा वाटा बसतो का बघा. बसत नसेल तर सारखे वाटे हा हट्ट सोडून लहान वाटा घ्या, किंवा घेऊच नका. हे सांगताना संकोच वाटू देऊ नका. ‘दादा, मला घर आवडलंय, पण एवढी रक्कम अडकवून मला शांत झोप लागणार नाही’ एवढं वाक्य पुरेसं आहे.

आणि आई. तुमच्या मनावरचा खरा भार तिचा आहे, म्हणून तिच्या इच्छेचे शब्द पुन्हा वाचा. नातवंडं एका छपराखाली बघायची आहेत. छप्पर कुणाच्या मालकीचं, हे तिने म्हटलेलं नाही. व्यवहार, दुरुस्त्या, परवाने यांत घर नीट राहतं व्हायला वर्ष सहज जाईल. ७८ वर्षांच्या माणसाला वर्ष थांबायला लावण्यापेक्षा येत्या सुट्टीत हाच बंगला, किंवा याच्यासारखा, आठवडाभर भाड्याने घ्या. मालकाला विचारा, विक्रीच्या बोलण्यात ते मान्य व्हायला हरकत नसते. आईचं मन भरेल, आणि तुम्हालाही घर आतून कळेल: सोळा जणांनी अंघोळी केल्यावर तिसऱ्या दिवशी पाणी कसं येतं, सगळे एसी लावल्यावर वीज टिकते का, रात्री कपाटांना वास येतो का. जमलं तर दुसऱ्यांदा सगळ्यात वाईट मोसमात दोन दिवस राहून या.

भाड्याचं ठरवताना आईची खोली तळमजल्यावर, बाथरूम लागून आणि उंबऱ्याशिवाय आहे का, संडासाजवळ धरायला आधार आहे का, आणि दीडशे मीटरच्या वाटेवर तिला टेकायला जागा आहे का, हे फोनवरच विचारून घ्या. मऊ वाळूत काठी रुतते. भरतीच्या रेषेजवळची ओली, घट्ट वाळू चालायला सोपी. तिला ओहोटी लागल्यावर, सकाळच्या उन्हात न्या.